क्लाउडचं साक्षांकन : ॲटेस्टेशन सेवा क्लायंट लायब्ररीने कशी सांभाळायची?

दहावीनंतर ॲडमिशनच्या वेळी तुम्ही वडगाव मावळला किंवा तळेगावला झेरॉक्सच्या दुकानात उभे राहिला असाल, तर 'साक्षांकित प्रत' हा शब्द तुमच्या ओळखीचा असेल. आधी मार्कशीटची झेरॉक्स काढायची. मग एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याला गाठायचं, त्यांनी मूळ प्रत बघायची आणि सही-शिक्का मारायचा. आता बऱ्याच कामांना स्वयंसाक्षांकन चालतं, पण मुद्दा तोच आहे : समोरच्याने तुमच्या शब्दावर नाही, तर तपासलेल्या पुराव्यावर विश्वास ठेवायचा.

क्लाउडमध्ये हेच काम करणाऱ्या सेवेला ॲटेस्टेशन सेवा म्हणतात. फरक एवढाच की इथे मार्कशीटच्या जागी एक चालू सर्व्हर असतो आणि शिक्क्याच्या जागी डिजिटल सही. या लेखात आपण मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर ॲटेस्टेशनचं उदाहरण घेऊन बघू की ही सेवा क्लायंट लायब्ररीने कशी तयार करायची, कशी सांभाळायची आणि नेमकं कुठे फसायला होतं. लायब्ररी वापरणं सोपं आहे. अवघड भाग वेगळाच आहे, आणि तो मी एकदा स्वतः चुकवलाय.

(कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरायचं.)

तुमच्या फोनमध्ये हे रोज चालतं

रूट केलेल्या फोनवर बँकेचं ॲप उघडायचा प्रयत्न केलाय कधी? बरीच ॲप्स सरळ नकार देतात. अँड्रॉइडवर त्यासाठी गुगलची प्ले इंटेग्रिटी नावाची सोय आहे, आयफोनवर ॲपलची ॲप ॲटेस्ट. फोन आणि ॲप मूळ स्थितीत आहेत की कुणी छेडछाड केली आहे, याचा सही केलेला निकाल बँकेच्या सर्व्हरपर्यंत पोचतो आणि मग सर्व्हर ठरवतो की पुढे जायचं की नाही.

म्हणजे इथे सर्व्हर फोनला विचारतो, "तू खरा आहेस ना?" क्लाउडमध्ये प्रश्न उलटा होतो. आपण सर्व्हरला विचारतो, "माझा डेटा तुझ्याकडे देतोय, पण तू तोच प्रोग्रॅम चालवतोयस ना, जो मी तपासला होता?"

तीन पात्रं

२०२३ मध्ये आलेल्या आरएफसी ९३३४ या दस्तऐवजात या सगळ्या व्यवहाराची रचना मांडली आहे. त्यातली तीन पात्रं लक्षात ठेवा, बाकी आपोआप कळतं.

१. पुरावा देणारा : ज्या मशीनची तपासणी करायची ते. ते स्वतःच्या स्थितीचा पुरावा तयार करतं. पुराव्यावर सही प्रोसेसरमधल्या किंवा सुरक्षा चिपमधल्या किल्लीची असते, त्यामुळे वरच्या सॉफ्टवेअरला तो सहज खोटा बनवता येत नाही.

२. पडताळणारा : पुरावा तपासून निकाल देणारा. ॲझ्युअर ॲटेस्टेशन ही सेवा म्हणजे हा माणूस. निकाल तो टोकनच्या रूपात देतो.

३. विसंबणारा : निकाल वाचून निर्णय घेणारा. म्हणजे ज्याच्याकडे गुपित आहे, किल्ली आहे, डेटा आहे, तो. बहुतेक वेळा हा तुमचाच कोड असतो.

आपल्या झेरॉक्सच्या गोष्टीत विद्यार्थी पहिला, राजपत्रित अधिकारी दुसरा आणि कॉलेजचा क्लार्क तिसरा. क्लार्कने नुसता शिक्का बघितला आणि मार्क वाचलेच नाहीत तर? हा प्रश्न डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुरावा तयार कसा होतो? लोहगडावर जाऊन बघू

मळवली स्टेशनला उतरून लोहगडला गेला असाल तर वर जाताना एकामागून एक दरवाजे लागतात : गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठा किल्ल्यांमध्ये लोहगडही आहे. आता कल्पना करा की प्रत्येक दरवाज्यावरचा पहारेकरी पुढच्या दरवाज्याच्या पहारेकऱ्याला नीट न्याहाळतो, त्याची नोंद वहीत करतो आणि मगच वाट मोकळी करतो. वही अशी की जुनी नोंद खोडता येत नाही. नवी नोंद जुन्या सगळ्या नोंदींमध्ये मिसळूनच लिहिली जाते.

कॉम्प्युटर सुरू होताना असंच घडतं. फर्मवेअर बूटलोडरची हॅश काढून नोंदवतं, बूटलोडर कर्नलची. ही वही म्हणजे टीपीएम चिपमधले खास रजिस्टर. नवी किंमत काढताना जुनी किंमत आणि नवी नोंद एकत्र करून पुन्हा हॅश केलं जातं. म्हणून मधला एक पहारेकरी जरी बदलला तरी शेवटची किंमत वेगळीच येते. लक्षात घ्या, वही कुणाला अडवत नाही. ती फक्त खरं लिहून ठेवते. अडवायचं काम वही वाचणाऱ्याचं.

टीपीएमशिवाय आणखी प्रकार आहेत. इंटेलच्या एसजीएक्समध्ये प्रोग्रॅमचा छोटा भाग 'एन्क्लेव्ह' नावाच्या बंद खोलीत चालतो, जिथली मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमलाही वाचता येत नाही. एएमडीच्या एसईव्ही-एसएनपीमध्ये अख्खं व्हर्च्युअल मशीन अशा बंद खोलीत असतं. पुराव्याचं स्वरूप प्रत्येकाचं वेगळं, तत्त्व एकच.

सर्व्हर पुण्यात आहे, मग पुरे नाही का?

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात तीन क्लाउड रिजन सुरू केले. त्यातलं सेंट्रल इंडिया हे पुण्यात आहे. म्हणजे लोणावळ्यात बसून तुम्ही वापरलेल्या ॲपचा डेटा घाट न उतरता जिल्ह्यातच राहू शकतो. पण डेटा जवळ असणं आणि डेटा सुरक्षित असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार डेटा हाताळणाऱ्याने वाजवी सुरक्षा उपाय करायलाच हवेत, आणि त्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. 'आमचा सर्व्हर पुण्यात होता' हे त्यावरचं उत्तर नाही. 'किल्ली फक्त तपासलेल्या कोडलाच मिळत होती, हे त्याचं टोकन' हे उत्तराच्या जास्त जवळ जाणारं आहे.

दोन लायब्ररी, दोन कामं

इथे नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पायथनमध्ये या सेवेसाठी दोन वेगळी पॅकेजेस आहेत.

• ॲझ्युअर-एमजीएमटी-ॲटेस्टेशन : ही व्यवस्थापनाची लायब्ररी. सेवेचा तुमचा स्वतःचा प्रोव्हायडर तयार करणं, त्याची माहिती बघणं, यादी काढणं, टॅग बदलणं, डिलीट करणं. म्हणजे ऑफिस उघडणं, पाटी लावणं, ऑफिस बंद करणं.

• ॲझ्युअर-सिक्युरिटी-ॲटेस्टेशन : ही प्रत्यक्ष कामाची लायब्ररी. पुरावा पाठवून टोकन घेणं आणि धोरण म्हणजे पॉलिसी वाचणं-बदलणं. म्हणजे ऑफिसमध्ये बसून शिक्के मारणं आणि कुणाला शिक्का द्यायचा याचा नियम ठरवणं.

पहिल्या लायब्ररीने पॉलिसी बदलता येत नाही आणि दुसरीने प्रोव्हायडर तयार होत नाही. हे आधीच माहीत असलं की अर्धा दिवस वाचतो.

पायरी पायरीने

पायरी १ : ओळख. दोन्ही लायब्ररींना लॉगिन लागतं. त्यासाठी ॲझ्युअर-आयडेंटिटी पॅकेजमधलं डिफॉल्टॲझ्युअरक्रेडेन्शियल वापरतात. ते आधी एन्व्हायर्न्मेंटमधली माहिती बघतं, मग सर्व्हरला दिलेली मॅनेज्ड आयडेंटिटी, मग तुमच्या लॅपटॉपवरचं लॉगिन, असं एकेक करून शोधतं. त्यामुळे तोच कोड लॅपटॉपवर एका ओळखीने चालतो आणि सर्व्हरवर दुसऱ्या. लॅपटॉपवर तुमचे अधिकार जास्त असतात, म्हणून तिथे चाललेला कोड सर्व्हरवर 'परवानगी नाही' म्हणून पडतो. असं झालं तर कोड बदलू नका, रोल तपासा.

पायरी २ : क्लायंट. ॲटेस्टेशनमॅनेजमेंटक्लायंट तयार करायचा. त्याला दोन गोष्टी द्यायच्या : वरची ओळख आणि सबस्क्रिप्शनचा आयडी.

पायरी ३ : आधी विचारा, मग बनवा. प्रत्येक रिजनमध्ये मायक्रोसॉफ्टचा एक सामायिक प्रोव्हायडर असू शकतो. लिस्ट-डिफॉल्ट ही मेथड त्यांची यादी देते, आणि गेट-डिफॉल्ट-बाय-लोकेशनला रिजनचं नाव दिलं की तिथला प्रोव्हायडर मिळतो. रिजनबद्दल कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका, लायब्ररीलाच विचारा. शिकण्यासाठी सामायिक प्रोव्हायडर मस्त आहे. पण त्याची पॉलिसी तुम्हाला बदलता येत नाही.

पायरी ४ : स्वतःचा प्रोव्हायडर. क्रिएट मेथडला रिसोर्स ग्रुप, प्रोव्हायडरचं नाव आणि लोकेशन द्यायचं. उत्तरात तीन गोष्टी बघा : स्टेटस 'रेडी' आहे का, ट्रस्ट मॉडेल कोणतं आहे, आणि ॲटेस्ट-यूआरआय काय आहे. हा पत्ता जपून ठेवा. दुसऱ्या लायब्ररीला तोच लागतो, आणि टोकन तपासतानाही 'हे टोकन आमच्याच प्रोव्हायडरने दिलंय का' हे त्यावरूनच कळतं.

पायरी ५ : ट्रस्ट मॉडेल. हा निर्णय तयार करतानाच होतो, म्हणून घाई करू नका. क्रिएट करताना पॉलिसी सही करायची सर्टिफिकेट्स दिली नाहीत, तर मॉडेल 'एएडी' होतं : ज्याच्याकडे योग्य रोल आहे, तो पॉलिसी बदलू शकतो. सर्टिफिकेट्स दिली, तर मॉडेल 'आयसोलेटेड' होतं : मग नुसता रोल पुरत नाही, नव्या पॉलिसीवर त्या किल्लीची सहीसुद्धा लागते. घरातल्या तिजोरीसारखं आहे. पहिल्यात घरात येऊ शकणारा तिजोरी उघडू शकतो, दुसऱ्यात वेगळी किल्लीही लागते. प्रॅक्टिससाठी पहिलं चालेल. लोकांचा खरा डेटा असेल तर दुसऱ्याचा गंभीरपणे विचार करा, आणि ती सहीची किल्ली लॅपटॉपवर ठेवू नका.

पायरी ६ : रोल. ॲटेस्टेशन रीडर फक्त वाचतो, ॲटेस्टेशन कॉन्ट्रिब्युटर बदलही करतो. टोकन घेणाऱ्या ॲपला कॉन्ट्रिब्युटर रोल देऊ नका. 'चालत नव्हतं म्हणून ओनर दिला' हे वाक्य ज्या प्रोजेक्टमध्ये ऐकू येतं, तिथे पॉलिसी कोण बदलू शकतं याचं उत्तर 'जवळपास सगळेच' असं असतं.

पायरी ७ : नोंदी. प्रोव्हायडर कुणी बनवला, कुणी डिलीट केला हे ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये येतं. पण पॉलिसी कधी बदलली, टोकन कुणी मागितलं, यासाठी डायग्नॉस्टिक सेटिंग वेगळं चालू करावं लागतं. पहिल्याच दिवशी करा. मागच्या महिन्याचे लॉग आज चालू करून मिळत नाहीत.

पायरी ८ : डिलीट. मेथड छोटी आहे, परिणाम मोठा. त्या पत्त्यावर विसंबणारं प्रत्येक ॲप त्याच क्षणी अडतं. प्रॉडक्शनच्या प्रोव्हायडरवर रिसोर्स लॉक लावून ठेवा.

पॉलिसी : इथेच खरी गोम आहे

पॉलिसी म्हणजे पडताळणाऱ्याला दिलेला नियम. तिचे मुख्य भाग दोन : ऑथरायझेशन-रूल्स, म्हणजे टोकन द्यायचं की नाही, आणि इश्यूअन्स-रूल्स, म्हणजे दिलं तर त्यात काय काय लिहायचं.

नवा प्रोव्हायडर बनवला की त्यात आधीपासून एक डिफॉल्ट पॉलिसी असते. एसजीएक्सची डिफॉल्ट पॉलिसी नीट वाचा. तिचा ऑथरायझेशनचा नियम 'इज-डिबगेबल' ही नोंद पुराव्यात आहे का, एवढंच बघतो. तिची किंमत खरी आहे की खोटी, हे बघत नाही. म्हणजे डिबग मोडमधल्या एन्क्लेव्हलाही टोकन मिळतं. फसवणूक काहीच नाही, टोकनच्या आत 'डिबग चालू आहे' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. पण डिबग मोडमधल्या एन्क्लेव्हची मेमरी डिबगरने वाचता येते. म्हणजे खोली बंद दिसते, पण खिडकी उघडी आहे.

दुसरी गोष्ट : पॉलिसी पुराव्याच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळी असते. एसजीएक्सची कडक केली म्हणून टीपीएमची बदलत नाही.

तिसरी गोष्ट : सेट-पॉलिसी केल्यावर सेवा तिला मिळालेल्या पॉलिसीची हॅश परत देते. ती तुमच्याकडच्या हॅशशी जुळवून बघा. तुम्ही पाठवलेली पॉलिसी आणि लागू झालेली पॉलिसी एकच आहे, याचा तो पुरावा.

आमची तीन आठवड्यांची चूक

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या टीममध्ये होतो. आजारांच्या तपासण्यांचे रिपोर्ट एन्क्लेव्हमध्ये प्रोसेस करायचे, असं काम. प्रोव्हायडर मीच बनवला, लायब्ररीने, जेमतेम वीस ओळींत. टोकन आलं, सही तपासली, बरोबर होती, किल्ली सोडली. टेस्ट हिरव्या. आम्ही खूश.

तीन आठवड्यांनी एका रविवारी मी लोणावळ्याला घरी होतो. बाहेर धो धो पाऊस, लाइट येत-जात होती. दुसऱ्याच कुठल्या तरी एररसाठी मी प्रॉडक्शनचं टोकन उघडून वाचत बसलो. आणि त्यात ती ओळ दिसली : डिबगेबल, ट्रू. टेस्टिंगसाठी बनवलेला बिल्ड तसाच्या तसा वर गेला होता. पॉलिसी डिफॉल्ट होती. आणि माझा कोड फक्त सही बघत होता, आतला मजकूर वाचतच नव्हता.

शिक्का बघणारा आणि मार्क न वाचणारा तो क्लार्क मीच होतो.

सेवेने चूक केली नव्हती. तिने तीन आठवडे रोज खरं सांगितलं होतं. ऐकणारं कुणी नव्हतं. रात्रीतच बिल्ड बदलला, सगळ्या किल्ल्या बदलल्या, पॉलिसी कडक केली. डेटा बाहेर गेल्याची एकही खूण सापडली नाही. पण गेला नाही, हे सिद्ध करायलाही आमच्याकडे काही नव्हतं, कारण डायग्नॉस्टिक लॉग चालूच केले नव्हते. सोमवारी मॅनेजरला हे सांगताना जे वाटलं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा लेख.

टोकन हातात आल्यावर काय काय तपासायचं?

टोकन हे जेडब्ल्यूटी प्रकारचं असतं. विसंबणाऱ्या कोडने किमान एवढं बघायलाच हवं :

• सही : प्रोव्हायडरच्या जाहीर सर्टिफिकेटशी जुळते का?
• देणारा : पत्ता आपल्याच प्रोव्हायडरचा आहे का? दुसऱ्याच्या प्रोव्हायडरची सहीसुद्धा 'खरी'च असते, पण पॉलिसी त्याची असते.
• वेळ : मुदत संपली नाही ना?
• डिबग : फॉल्स आहे का?
• मोजमाप : एसजीएक्समध्ये एमआरएन्क्लेव्ह म्हणजे कोडचा ठसा आणि एमआरसाइनर म्हणजे तो सही करणाऱ्याचा ठसा. आपल्याला अपेक्षित तेच आहेत का?
• सुरक्षा आवृत्ती : एसव्हीएन आपण ठरवलेल्या आकड्यापेक्षा कमी नाही ना? नाहीतर जुना, भोकं असलेला बिल्डही पास होईल.
• पॉलिसीची हॅश : ज्या पॉलिसीखाली टोकन दिलं, ती आपलीच आहे का?
• ताजेपणा : एन्क्लेव्हने या वेळेसाठी बनवलेली पब्लिक किल्ली पुराव्यात बांधलेली आहे का? गुपित त्याच किल्लीने बंद करून पाठवलं, तर टोकन चोरणाऱ्याला काही उपयोग होत नाही.

हे सगळं स्वतः लिहायचं नसेल तर ॲझ्युअर की व्हॉल्टची सिक्युअर की रिलीज ही सोय बघा. त्यात किल्लीलाच अट जोडता येते की अमुक प्रोव्हायडरचं, अमुक क्लेम असलेलं टोकन असेल तरच बाहेर जायचं. अट मात्र तुम्हीच लिहायची असते.

ॲटेस्टेशन काय सांगत नाही?

कोड चांगला आहे, असं ते सांगत नाही. तो तुम्ही म्हणता तोच कोड आहे, एवढंच सांगतं. मूळ कोडमध्येच बग असेल तर ॲटेस्टेशन त्या बगवरही प्रामाणिकपणे शिक्का मारेल. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीवर आणि पडताळणाऱ्या सेवेवर विश्वास ठेवावाच लागतो. विश्वास नाहीसा होत नाही, तो थोड्या आणि माहीत असलेल्या जागी गोळा होतो.

नेहमी येणारे प्रश्न

*हे फक्त पायथनमध्येच आहे का?*
नाही. डॉटनेट, जावा आणि जावास्क्रिप्टसाठीही लायब्ररी आहेत. नावं थोडी बदलतात, कामाची विभागणी तीच.

*पोर्टलवरून क्लिक करून झालं तर लायब्ररी कशाला?*
एकदाच करायचं असेल तर पोर्टल ठीक आहे. पण टेस्टिंग आणि प्रॉडक्शनचे प्रोव्हायडर सारखेच असावेत, पॉलिसी गिटमध्ये असावी आणि बदल कुणीतरी वाचूनच पुढे जावा, असं वाटत असेल तर कोडच हवा.

*मी अजून शिकतोय, सुरुवात कुठून करू?*
सामायिक प्रोव्हायडरपासून. लिस्ट-डिफॉल्ट चालवा, एखाद्याची पॉलिसी गेट-पॉलिसीने आणा आणि ओळ न ओळ वाचा. त्यासाठी एसजीएक्सचं मशीन लागत नाही.

*झालं, सगळं जोडलं. बरोबर आहे हे कसं कळेल?*
मुद्दाम चुकीचा पुरावा पाठवा. डिबग बिल्ड चालवा, जुनी आवृत्ती चालवा, दुसऱ्या प्रोव्हायडरचं टोकन द्या. प्रत्येक वेळी तुमच्या सिस्टिमने 'नाही' म्हणायला हवं. या तीन टेस्ट बिल्डमध्येच टाकून ठेवा, म्हणजे दर वेळी आपोआप चालतील. आमच्याकडे 'हो' म्हणणाऱ्या टेस्ट भरपूर होत्या. 'नाही' म्हणणारी एक जरी असती, तर तो रविवार शांतपणे चहा-भजी खाण्यात गेला असता.